मंगळवारची पुडी

ऑपरेशन थिएटरमागच्या मोरीत एकवीस वर्षं अवजारं घासणाऱ्या बाईला सगळे ब्रशमावशी म्हणत. तिच्याच खालच्या जबड्यात गाठ निघाली आणि वाट्याला आला नवशिका डॉक्टर.

"मावशी, निर्धास्त राहा. ओठाची नस हाडातून कुठून जाते, ते पडद्यावर दिसतं. मशीन असताना हात चुकायचा नाही."

"आणि मशीनचीच नजर चुकली तर?"

"ती कशी चुकेल?" तो हसला.

मावशीला हसू आलं नाही. अवजाराला लावलेले चकचकीत मणी बघून मशीनचा कॅमेरा अवजार कुठे आहे ते ओळखायचा. मणी एकदा वापरून फेकायचे, असं पाकिटावर छापलेलं होतं. पण थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, "घास गं, चालतील तोवर चालवू." तेव्हापासून मावशी ते घासत होती. रक्त सुकलेलं असलं की जरा जोरातच. निम्म्यांची चकाकी उडाली होती.

तिने सिस्टरना गाठलं. "माझ्या वेळेला तरी नवे काढा ना."

"तीन आठवड्यांनी येतील. थांबतेस?"

"गाठ थांबेल का?"

"मग झालं तर! आणि बाहेर बोललीस, तर आधी तुझी नोकरी जाईल."

ती नस तुटून ओठ बधिर झालेली माणसं मावशीने पाहिली होती. घास तोंडातून ओघळतो आणि त्यांना पत्ता नसतो. सुनेसमोर तसं जेवायचं? ती आत्ताच नाक मुरडते.

दुपारी मावशीने सगळे मणी फडक्यावर पसरले, उजेडात धरून एकेक निवडला. चांगले एका पुडीत बांधून वर आपल्या ऑपरेशनचा वार लिहिला, सोमवार. उरलेल्यांवर लिहिलं, मंगळवार. मंगळवारी वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या जबड्याचा नंबर होता. एकोणीस वर्षांची, बडबडी.

सोमवारी शुद्धीवर आल्याबरोबर मावशीने ओठाला चिमटा काढला. कळ आली. ती रडली.

बुधवारी डॉक्टरने मुलीच्या हनुवटीला सुई टोचून पाहिली, परत टोचली. "पडद्यावर तर सगळं बरोबर दिसत होतं," एवढंच पुटपुटला आणि गेला.

आईने मुलीला दूध पाजलं आणि ती पेला विसळायला गेली. मुलीच्या हनुवटीवरून दूध गळ्यापर्यंत ओघळलं होतं.

"मावशी, गळ्याशी ओलं लागतंय. तोंड पुसता का जरा?"

मावशी टॉवेल घेऊन उठली. ओठ पुसला, हनुवटी पुसली. मुलगी छताकडे बघत वाट पाहत राहिली.

"पुसा ना, मावशी."

"पुसलं गं, बाळा."

"कधी?"