तगारेकाका आणि टाचेचा आवाज

मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात विष्णू तगारेंना सगळे ओळखत, पण जरा लांबूनच. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी माइक हातात घेऊन ‘हॅलो, हॅलो, चेक’ सुरू केलं, की मागच्या रांगेतून एक बारीकसा माणूस उठायचा, कोणाशी न बोलता स्पीकरपाशी जायचा, बटण थोडं खाली फिरवायचा आणि परत जागेवर येऊन बसायचा. सूत्रसंचालन करणाऱ्या प्रतिमाताई दर वर्षी चिडायच्या. “काका, लोकांना ऐकू यायला नको का?” काका म्हणायचे, “ऐकू येतंय. तुमच्या हिरव्या साडीच्या सळसळीसकट.” यापलीकडे त्यांचा कोणाला त्रास नव्हता आणि उपयोगही नव्हता.

सांगलीत इंजिनियर होऊन ते इकडे आले आणि बावीस वर्षं त्यांनी गाडीच्या दाराचा आवाज बसवला. दार लावल्यावर ‘टण्ण’ वाजता कामा नये, ‘धप्’ असं वाजलं पाहिजे. गिऱ्हाईक शोरूममध्ये दार दोनदा लावून बघतं आणि तेवढ्यावर गाडी घेतं म्हणे. दोन हजार सहामध्ये कंपनीने माणसं कमी केली, त्यात काकांचा पूर्ण विभागच गेला. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी एका छोट्या कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी धरली. काम काय, तर लाकडी सांगाड्याच्या अपार्टमेंटांमध्ये जायचं आणि वरच्या मजल्याचा आवाज खाली किती जातो ते मोजायचं. दहा-बारा किलोची पेटी आणि दुखरे गुडघे घेऊन माणूस जिने चढायचा. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी नैना शिकागोला होती. ती रविवारी फोन करायची आणि इंग्रजीतून जेवणाची चौकशी करायची.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आमच्या आप्पांमुळे.

आप्पा म्हणजे माझे वडील. बार्शीच्या शाळेत एकतीस वर्षं पीटीचे मास्तर. बायपास झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि माझ्या बायकोला, राधिकाला, सातवा महिना लागला होता, म्हणून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. मिशिगनमधला डिसेंबर. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मग आप्पांनी घरातच शतपावली सुरू केली. दुपारी एकला जेवण झाल्यावर शंभर आणि रात्रीच्या जेवणावर आणखी शंभर. स्वयंपाकघरापासून बेडरूमपर्यंत बारा पावलं, मग अबाऊट टर्न.

आमच्या खाली मिसेस नोवाक राहायच्या. डायलिसिसच्या नर्स. रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपणार, म्हणजे आमची दुपारची एकची वेळ ही त्यांची ऐन मध्यरात्र. डिसेंबरातच अपार्टमेंटच्या ऑफिसकडून पहिलं पत्र आलं. तुमच्या घरात कोणी बूट घालून चालतं, कृपया थांबवा. आम्ही हसलो. आमच्या घरात कोण बूट घालून चालणार? तरी मी आप्पांना म्हटलं, घरातल्या लोकरी सपाता पण काढा. त्यांनी काढल्या. आठ दिवसांनी दुसरं पत्र, आवाज वाढला आहे. मग आप्पा मोजेही काढून, ओट्याजवळ चालताना श्वास रोखून चालायला लागले. मी खाली जाऊन मिसेस नोवाकना सांगितलं, “आम्ही सगळे अनवाणी असतो हो.” त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, की जणू मी घरात घोडा पाळलाय आणि त्याला नाल नाही असं सांगतोय.

नियम साधा होता. तिसरी तक्रार आली की एकतीस जानेवारीला आमची लीज, म्हणजे घराचा भाडेकरार, संपणार आणि नवी मिळणार नाही. बर्फात, आठव्या महिन्यात, घर शोधा. मी ऑफिसच्या डेब्राकडे जाऊन भांडलो की दोष तुमच्या फ्लोअरचा आहे. गेल्याच वर्षी यांनी गालिचा काढून लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या आणि त्याला अपग्रेड म्हणून भाडं वाढवलं होतं. डेब्रा म्हणाली, ठीक आहे, टेस्ट करू. फ्लोअर नापास झाला तर आमचा दोष, पास झाला तर तुमचा.

आणि टेस्टला दारात उभे तगारेकाका.

मला देवच पावला. आपला माणूस! राधिकाने लगेच आलं किसायला घेतलं. काका बूट काढत म्हणाले, “चहा नंतर. आधी प्यायलो तर वशिल्याचा होईल.”

पेटी उघडली. आत ओळीने पाच लोखंडी हातोड्या. यंत्र जमिनीवर ठेवून चालू केलं, तर सेकंदाला दहा ठोके. एखाद्याने पत्र्यावर वाटाणे ओतावेत आणि ओततच राहावेत, तसं. आप्पा कानांवर हात ठेवून म्हणाले, “अन् हे चालतं? मी चाललेलं चालत नाही?”

काका खाली मिसेस नोवाकांकडे जाऊन माइक लावायचे, फोनवर सांगायचे ‘बंद’, मग ‘चालू’, मग यंत्र दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचं. तास-सव्वा तास हे चाललं. शेवटी सामान आवरायला मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. काकांनी छोट्या पडद्याकडे पाहिलं.

“एक्कावन्न.”

“म्हणजे चांगलं?”

“फ्लोअरसाठी चांगलं. जागेवर मोजून निदान पंचेचाळीस लागतात, जास्त तेवढं चांगलं. तुझ्यासाठी वाईट.”

तेवढ्यात एक वाजला, आणि वर सुरू झालं.

मी माझ्या बापाला पहिल्यांदाच खालून ऐकलं. धम्. धम्. धम्. यंत्रासारखा खडखडाट नाही, काही नाही. छातीत येऊन बसणारा आवाज. छतावरच्या दिव्याची काच दर पावलाला किंचित हलत होती. मिसेस नोवाक गाउन घालून, कॉफीचा कप धरून उभ्या होत्या. डोळे लाल. त्यांनी बोट वर केलं. “हे,” त्या म्हणाल्या, “हेच.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो उरलाच नव्हता.

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. डोळे मिटून पूर्ण शंभर पावलं ऐकली. मी मनात मोजत होतो, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, आणि एकदाचं थांबलं. काकांनी पडद्यावर खालच्या टोकाला बोट ठेवलं. तिथे उंच उंच दांडे उभे होते.

“हा तुझा बाप,” ते म्हणाले. “चाळीस हर्ट्झच्या आसपास. आणि हिशोब कुठून सुरू होतो? शंभरपासून. त्याच्या खालचं नियमात धरतच नाहीत. काँक्रीटच्या घरात चालून जातं ते. इथे खाली लाकडी तुळया, वर फळ्या. टाच पडली की सगळा फ्लोअर डफासारखा हलतो.”

“मग बुटांनी कमी झालं असतं?”

“मऊ तळाच्या, जाड चपलांनी थोडं झालं असतं. तुम्ही उलट एकेक काढत गेलात.”

वर येऊन काकांनी तेच आप्पांना समजावलं. आता चहा घेतला होता, दोन कप.

“म्हणजे मी चपला घालू? घरात?” आप्पा म्हणाले.

“नव्या आणा. बाहेर न वापरलेल्या. फोमच्या.”

“नव्या असल्या तरी चपलाच ना? तिथं देव आहेत.” आमचे देव स्वयंपाकघरातल्या कपाटात होते, आणि शतपावली तिथूनच सुरू व्हायची.

“मग टाच आधी टेकू नका. चवड्यांवर चाला.”

आप्पांनी त्यांच्याकडे मास्तरांच्या नजरेने पाहिलं. “तगारेसाहेब, एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, टाच आपटा! आता चोरासारखा चालू?”

राधिका ओट्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, “आप्पा, मग एकतीस तारखेनंतर आपण सगळेच बाहेर चालू.” 

काकांना सोडायला मी पार्किंगमध्ये गेलो. पेटी डिकीत ठेवली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून म्हटलं, “काका, एक्कावन्नच्या जागी चव्वेचाळीस लिहिलं तर? कोण बघतंय? फ्लोअर खराब आहे हे तुम्हीच म्हणालात.”

“फ्लोअर खराब आहे. आकडा खराब नाही.”

“आपल्यातच आहे काका.”

“तू कोडिंग करतोस ना? तुमच्यात करतात असं?”

“सर्रास.”

ते हसले. मग डिकीच्या कडेवर टेकले.  “दमलोय रे,” ते म्हणाले. “खोटा आकडा जन्मभर लक्षात ठेवावा लागतो. खरा विसरता येतो. मला आता विसरता येईल असंच काम झेपतं.”

मला त्यांचा राग आला. घरी येऊन राधिकाला म्हटलं, असली आपली माणसं असण्यापेक्षा गोरा आला असता तर बरं. ती म्हणाली, “गोऱ्याला तू हे विचारलंच नसतंस.”

रिपोर्ट गेला. पहिल्या पानावर एक्कावन्न. दुसऱ्या पानावर काकांनी लिहिलं होतं, की तक्रार खरी आहे, आवाज नियमाच्या मोजणीत न बसणारा आहे, तो अनवाणी चालण्याचा आहे आणि त्यात भाडेकरूंचा दोष नाही. फर्मच्या साहेबांनी ते पान काढायला सांगितलं होतं, काकांनी काढलं नाही, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा त्याचा उपयोग एवढाच झाला, की डेब्राने पान उलटलंच नाही. ती म्हणाली, पास. एकतीसपर्यंत एकही तक्रार आली नाही तर नवी लीज. आली तर सॉरी.

वीस दिवस होते. आप्पांनी पहिल्या दिवशी चवड्यांवर चालून पाहिलं आणि पिंडरीत गोळा येऊन सोफ्यावर बसले. दुसऱ्या दिवशी चाललेच नाहीत. रात्री त्यांचं पोट फुगलं, बीपी वाढलं. तिसऱ्या दिवशी गादीवर चालले. गादीवर चालणारा बाप बघवत नाही.

चौथ्या दिवशी पावणेएकला बेल वाजली. दारात तगारेकाका, कानटोपी घालून.

“मास्तर, जॅकेट घाला. मॉलमध्ये जायचंय.”

“कशाला?”

“तिथला फ्लोअर काँक्रीटचा आहे. वाटेल तेवढ्या टाचा आपटा.”

मी म्हटलं, “काका, तुमचं काम?”

“लंच ब्रेक आहे. आणि रिपोर्ट गेला, आता मी मोकळा. तुझ्या चहाचा वशिला लागत नाही.”

ते रोज येत राहिले. रात्रीची शतपावली संध्याकाळी साडेसातला, तीही मॉलमध्येच. एकदा मी आप्पांना आणायला गेलो, तर आप्पा दुकानांच्या रांगेसमोरून छाती काढून मार्च करत होते. तिथले रोजचे चालणारे दोन म्हातारे अमेरिकन त्यांच्या मागे, पाय जुळवून. काका बाकावर बसून झोपले होते. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, गुडघ्यांवर दोन्ही हात. आप्पा जवळ येऊन हळूच म्हणाले, “उठवू नको. ह्या माणसाला कुठंतरी झोप लागू दे.”

एकतीसला मिसेस नोवाक स्वतः ऑफिसात गेल्या आणि आता बरं आहे असं सांगून आल्या. जिन्यात त्यांनी मला थांबवून विचारलं, की तुमचे वडील आजारी वगैरे नाहीत ना? त्या आवाजाशिवाय काळजी वाटते म्हणाल्या. संध्याकाळी डेब्राने लीज दिली, मी सही केली आणि गाडीतूनच काकांना फोन लावला.

“झालं काका. वर्षभराचं झालं.”

“बरं.”

“थँक्यू म्हणायला फोन केला. तुम्ही इतकं…”

“पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर आहे रे, नंतर बोलू.” मागे हातोड्यांचा खडखडाट सुरू झाला होता. त्यातून ते ओरडले, “उद्या पावणेएकला तयार ठेव त्यांना. फ्लोअर तोच आहे.”