बाकड्यावर बसायचं असेल तर काय गेलं ते सांगा

बसलेल्या माणसाजवळ किस्से टिकत नाहीत. त्याला डुलकी लागते, चहा येतो, कोणाचा तरी फोन येतो आणि अर्धा किस्सा खाली सांडून जातो. किस्से जमतात ते उभ्या माणसाजवळ. मी तीन वर्षं उभा आहे, म्हणून माझ्याजवळ ढीग झालाय.

घाटंजीत बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या गेटासमोर सुमनमावशीची चहाची टपरी आहे. टपरीपुढं सागाचं एक लांब बाकडं. त्यावर रोज दुपारी चारला तीन म्हातारे येऊन बसतात. बाकडं चौघांचं आहे, पण तिघं असे पसरतात की चौथी जागा दिसतच नाही. ती चौथी जागा मला पाहिजे.

पण बाकड्याला नियम आहे. तिथं रामराम नाही, नमस्कार नाही. आलेल्या माणसाला विचारतात, "काय गेलं?" ज्याची एखादी गोष्ट कायमची गेली असेल, त्यानं ती सांगायची. पटली तर तिघं सरकतात. नाही पटली तर उभ्यानं चहा प्यायचा अन् चालू लागायचं.

माझं वय तेवीस. यवतमाळला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सोडून आलो. टपरीला लागून मामाचा खोका आहे, तिथं मोबाइलचं रिचार्ज मारतो. गावात कुठंही टेकलो की कोणीतरी विचारतंच, "सध्या काय करून राह्यला?" सगळ्या घाटंजीत हे एकच बाकडं असं आहे, जिथं काय करतो ते विचारत नाहीत, काय गेलं ते विचारतात. म्हणून पाहिजे!

* * *

पहिली जागा देवरावकाकांची. ते जिनिंगमध्ये फिटर होते आणि भोंगा वाजवायचे. सकाळी आठचा, दुपारी बाराचा, संध्याकाळी पाचचा. जिनिंगला कुलूप लागलं, भोंगा गेला. नियमही त्यांनीच काढला. म्हणजे पेपर काढणारा तोच, पास होणाराही तोच.

एकदा ऐन हंगामात काकांचं पोट बिघडलं. बाराचा भोंगा काही होईना. त्याच दिवशी शाळेमागं एक लग्न होतं, मुहूर्त बारा पाचचा. भटजी घड्याळ वापरत नव्हते, सगळा भरवसा भोंग्यावर. इकडं काका डबा घेऊन नाल्याकडं, तिकडं अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. साडेबाराला काका धावत आले, साखळी ओढली, अन् "शुभ मंगल सावधान" झालं.

मी विचारलं, "मग त्या जोडप्याचं काय झालं?"

"मस्त चाललंय. दोन नातू हाय. बरोब्बर मुहूर्तावर लागलेल्याईचं पाह्य जरा!"

हसलो मी, पण आतून जळलो. एका माणसाचं पोट बिघडलं तर अख्ख्या गावाची दुपार अर्धा तास पुढं गेली! मी मागच्या पावसाळ्यात आठ दिवस तापानं पडलो होतो. गिऱ्हाइकांनी शेजारच्या दुकानातून रिचार्ज मारलं. परत आलो तर एकानं विचारलं, "आज लवकर उघडलं काहून?"

* * *

भोंग्यापायी काकांचे कान गेले आहेत. पोरगा पुण्याला. त्याच्याशी फोनवर बोलतात ते अख्ख्या रस्त्याला कळतं. सुनेचं बाळंतपण, जावयाची दारू, मूळव्याधीचं औषध, सगळं.

एक दिवस रेंज नव्हती. काका बाकड्यावर उभे राहून ओरडत होते, "हॅलो! हॅलो! ऐकू येऊन राह्यलं काय बे?"

सुमनमावशी गाळणी झटकत म्हणाली, "काका, फोन बंद करा. पुण्याले तसंच ऐकू जाते."

* * *

दुसरी जागा रामसिंगभाऊ राठोडांची. तांड्यावरून येतात, डोक्याला फेटा, खिशात नवा मोबाइल, तो लावता येत नाही. त्यांचं काय गेलं? बैलबंड्यांची रांग.

कापूस विकायला आलेल्या बंड्या पूर्वी जिनिंगच्या गेटापासून पार पुलापर्यंत लागायच्या. नंबर यायला तीन-तीन दिवस. लोक बंडीखाली झोपायचे, तीन दगडांवर भाकरी भाजायचे, भजनं म्हणायचे. त्याच रांगेत रामसिंगभाऊंना जावई भेटला. पुढच्या बंडीवरचा पोरगा बैलांना आधी पाणी पाजायचा, मग स्वतः प्यायचा. तीन दिवस भाऊंनी पाहिलं. चौथ्या दिवशी कापूस तोलला अन् सुपारी फुटली.

"काय रांग होती!" भाऊ डोळे पुसतात. "आता टेम्पो येते, भुर्र जाते. माणसाले माणूस भेटतच नाही."

मी म्हटलं, "भाऊ, रांग कुठं गेली? या जूनमध्ये मामासाठी बियाण्याचं पाकीट घ्यायला मी सकाळी सातपासून रांगेतच होतो. दुकानापासून थेट एसटी स्टँडपर्यंत!"

"मंग? कोणी भेटलं काय?"

"भेटला ना. हवालदार. पाठीवर दोन दिल्या अन् पाकीट संपलं म्हणाला."

भाऊ गंभीर झाले. "ते रांग नोहे पोट्ट्या. ते गर्दी होय."

मार मी खाल्ला, तोही रांगेत धरला नाही!

* * *

पिंजाऱ्याची आठवण निघाली की देवरावकाका कवी होतात. "गल्लीत त्याची धुनकी वाजे ना, टण् टण् टण्, अन् कापूस असा उडे जसे ढगच! तशी गादी आता होणे नाही. कापसाच्या गावात पिंजारी उरला नाही, लाज वाटाले पाहिजे आपल्याले!"

आपल्याले म्हणजे मला. बोट माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन दुरुस्त करून त्यांच्या घरी द्यायला गेलो. काका पलंगावर आडवे. खाली फोमची गादी, इतकी नवी की प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. कूस बदलली की करकर वाजत होती.

मी नुसता पाहत राहिलो. काका म्हणाले, "असा पाहू नको. कापसाची टोचते बे."

* * *

तिसरी जागा गजभिये गुरुजींची. ती त्यांना कशी मिळाली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

गुरुजी शाळेतून रिटायर झाले अन् चार-आठ दिवसांत इकडं आले. तेव्हा काका अन् भाऊ स्टँडवरच्या जुन्या हॉटेलाचं कौतुक करत होते. ते हॉटेल आता नाही. काय तो चहा, काय ते जाडजूड कप, धरला तर थंडीत हात शेकायचे!

काकांनी विचारलं, "या गुरुजी. काय गेलं?"

गुरुजी म्हणाले, "त्याच हाटेलातला माह्या कप."

"तुमचा कप?"

"दाराबाहेर खिळ्याले टांगलेला राहे. आमच्या वस्तीचा वेगळा. चहा पेवाचा, आपणच धुवाचा, अन् पुन्हा टांगून द्याचा. माह्या बापानं त्यातूनच पेला, लहानपणी मीही पेलो. मंग एक दिवस पाहतो तं कप नाही अन् खिळाही नाही." गुरुजींनी चष्मा पुसला. "गेला. लय चांगलं झालं!"

मावशीनं गुरुजींच्या हातात काचेचा गिलास दिला, सगळ्यांना देते तोच. काका सरकले. एवढे सरकले की पलीकडून पडता पडता राहिले.

मला गुरुजींचाही हेवा वाटला. असल्या गोष्टीचा हेवा वाटावा याची लाजही वाटली. पण वाटला तो वाटला.

* * *

मी तीनदा अर्ज केला.

पहिल्यांदा म्हटलं, "पेजर गेला." शाळेत असताना पेजरची जाहिरात कापून वहीत चिकटवली होती. मोठा झालो की कमरेला लावणार होतो. पेजर म्हणजे निरोप दाखवणारी डबी, हे तिघांना समजावण्यात दोन चहा गेले.

काका म्हणाले, "घाटंजीत कोणाजवळ होता?"

"कोणाजवळच नाही. इथं यायच्या आधी तिकडं मुंबईतच मेला."

"आलंच नाही तं गेलं कसं बे?"

रामसिंगभाऊ म्हणाले, "सुतक तरी लागते काय त्याचं?"

दुसऱ्यांदा म्हटलं, "डिप्लोमा गेला." ही गोष्ट मी सहसा कोणाजवळ काढत नाही. त्या दिवशी काढली.

काका म्हणाले, "गेला नाही, तू सोडला. गेलं अन् सोडलं एकच असते काय?"

मी आशेनं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी बोट वर केलं. "जाणे अकर्मक, सोडणे सकर्मक. कर्ता तूच हाय बाळा."

तिसऱ्यांदा एसटीडी. मामाच्या खोक्यात आधी पिवळा बूथ होता. रविवारी बाहेर माणसं ताटकळायची, आत बाया रडायच्या, मीटर पळायचं. मोबाइल आले अन् बूथ गेला. पाच वर्षं शाळा सुटली की मी त्या स्टुलावर बसायचो!

"तो मामाचा गेला," काका म्हणाले. "बसणाऱ्याचं जात नसते. असणाऱ्याचं जाते."

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमचं सगळं आलं, तुम्ही पोटभर वापरलं, अन् गेलं तर आता गळे काढून राह्यले! भोंगा तुमचा, रांग तुमची, देशी कापूस तुमचा. आमच्या वाट्याले अळी! आमचं जायले आधी काही यायले तर पाहिजे!"

सगळा रस्ता ऐकत होता. काकांनाही ऐकू गेलं, म्हणजे बघा.

काका शांतपणे म्हणाले, "हेच तं म्हणून राह्यलो ना आम्ही. उभा राह्य."

* * *

या तीन वर्षांत घाटंजीत कॅमेरे फार आले. कापूस हातचा गेला अन् मुंबईच्या टीव्हीवाल्यांना आमचं गाव सापडलं. एक बाई माइक घेऊन थेट बाकड्यासमोर आली. काकांना म्हणाली, "आजोबा, परिस्थितीबद्दल सांगा ना. जरा चेहरा... म्हणजे, मनातलं येऊ द्या चेहऱ्यावर."

काका म्हणाले, "पाच मिनिटं थांब बाई. चहा गरम हाय तोवर पेतो. मंग होतो दुःखी."

तिघांचंही शूटिंग झालं. भाऊंनी रांग सांगितली, काकांनी तोंडानं भोंगा वाजवून दाखवला. मी बाजूलाच होतो, केस नीट केले. बाईनं विचारलं, "तुम्ही शेतकरी?"

"नाही."

"विद्यार्थी?"

"नाही."

"मग थोडं मागं सरका ना, प्लीज. सावली पडतेय."

* * *

चुलीवरच्या चहाचा किस्सा लहानच आहे. तिघांचं एकमत झालं होतं की मावशीनं गॅस आणला अन् चहाची चवच गेली. धुराचा वास नाही, तो खमंगपणा नाही, वगैरे.

मावशी म्हणाली, "उद्यापासून मांडतो चूल. फुकायले मात्र तुम्ही यायचं. सकाळी पाचले. तिघंही."

त्यानंतर महिनाभर चहाबद्दल कोणी बोललं नाही.

मी तिला एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही काहून नाही बसत बाकड्यावर? तुमचं काहीच गेलं नाही काय?"

"गेलं ना बापू. उभ्या उभ्या जलम गेला. पण ते सांगाले बसावं लागते, अन् बसाले टाइम कोणाले हाय?"

* * *

आता शेवटचा.

रस्ता रुंद व्हायचा होता. दोन महिने खुणा मारून ठेवल्या होत्या, पण घाटंजीत खुणेवर कोण विश्वास ठेवतो! एका बुधवारी अकरा वाजता पिवळं मशीन आलं. मावशीनं गॅस, भांडी अन् पत्रे आधीच पलीकडच्या कडेला नेले होते, मामाचा खोकाही तिकडं सरकवला होता. बाकड्याचे पाय मात्र जमिनीत गाडलेले. मी दोघा-तिघांना घेऊन उपटायला गेलो, हललंसुद्धा नाही. ऑपरेटर म्हणाला, "सरक भाऊ, टाइम नाही." एका धक्क्यात पाय तुटले, दुसऱ्यात फळी चिरली. सगळं ट्रॅक्टरमध्ये टाकलं अन् ट्रॅक्टर वणीच्या रोडनं निघून गेला.

चारला तिघं आले. आधी देवरावकाका, मग रामसिंगभाऊ, मग गुरुजी. जिथं बाकडं होतं तिथं खडी पसरली होती. तिघं त्या खडीवर आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, त्याच ओळीत. मावशीनं रस्ता ओलांडून चहा आणून दिला, सकाळचं सगळं सांगितलं. तिघांनी उभ्यानं घेतला. मी त्यांना उभ्यानं चहा पिताना कधी पाहिलं नव्हतं.

मी खोक्यातून बाहेर आलो. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. म्हटलं, घ्या! आता कळलं काय असते ते! पण जवळ गेलो अन् पायानं खडी सारखी करू लागलो.

काकांनी मान वळवली. सवयीनंच म्हणाले, "काय गेलं?"

मी म्हटलं, "बाकडं."

काकांनी बाकीच्या दोघांकडं पाहिलं. रामसिंगभाऊ हळूच म्हणाले, "याच्या टायमातच गेलं."

गुरुजी म्हणाले, "अन् यानं सोडलं नाही. उपटाले गेलता."

काकांनी गिलास रिकामा केला. मग उभ्या उभ्याच एक वीत डावीकडं सरकले. भाऊ सरकले. गुरुजी सरकले.

"बस," काका म्हणाले.