बाबांसमोर शेवट काढायचा नाही

माझ्या भाऊजींना, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, एका पिक्चरसाठी कोणी एवढं धरून बसते का? हो, बसते. मी बसते.

पिक्चर तो इंग्रजी हेराचा. बाबांना मिसरूड फुटत होती तेव्हापासून ही मालिका चालू आहे. नट बदलतात, गाड्या बदलतात, हेर तोच. बाबा आमच्या आंधळगावातून साड्यांचे गठ्ठे घेऊन नागपूरला जायचे, व्यापाऱ्याकडे माल टाकायचे आणि थेट टॉकीजमध्ये. इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी एकही चुकवला नाही. पुढे हिंदीत यायला लागले तसे मला सोबत न्यायला लागले. बहिणीला तिथे झोप लागायची, मला नाही. सगळ्यांत भारी हेर कोणत्या नटाने केला, यावरून आम्ही बापलेक भरल्या ताटावरून उठलो आहोत. आई शेवटी दोन्ही ताटं झाकून झोपून जायची.

यंदा नवीन पिक्चर आला तेव्हा बाबांचा मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की "मले सगळं दिसते" म्हणून अंगावर यायचे. मग एक दिवस टीव्हीवर त्या पिक्चरची जाहिरात लागली. बाबा उठले आणि पडद्याला नाक लावून उभे राहिले. "नुसता धूर दिसून राहिला वो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच चपला घालून दारात तयार. "चाल, डोयाचं पाहून घेऊ." आमच्या सगळ्यांच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते त्या हेराने केलं.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि बजावलं की सध्या टीव्ही नाही, मोबाईल नाही, सिनेमा तर नाहीच. तोवर पिक्चर शहरांत लागला आणि सगळ्या जगाने पाहिला. शेवटी हेर मरतो हे मला आमच्या फॅन लोकांच्या ग्रुपवर कळलं. कोण्या नालायकाने पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं. मी त्याला चार शिव्या घातल्या, ग्रुप सोडला आणि मोरीत जाऊन रडले. रडून झाल्यावर ठरवलं, माझं वाटोळं झालं ते झालं, बाबांना हे कळू द्यायचं नाही. भंडाऱ्याच्या टॉकीजला पिक्चर हिंदीत उशिरा लागणार होता. तोपर्यंत त्यांचा डोळा मोकळा होणार होता. त्यांना तो कोऱ्या मनाने पाहता यावा, एवढंच मला पाहिजे होतं.

मग मी पहारा दिला. पेपर मी वाचून दाखवायचे आणि सिनेमाचं पान गाळायचे. चहाच्या टपरीवरच्या पोरांना दम भरून आले. बहिणीला फोन करून सांगितलं, "मंडईले या, खा-प्या, पण बाबांसमोर शेवट काढाचा नाई. भाऊजीले सांग, दोनदा सांग."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, रात्री दंडार म्हणजे आमच्याकडचं सोंगांचं नाटक होते, लेकीजावई माहेरी येतात. बहीण, भाऊजी आणि त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिघे नागपूरहून गाडीने आले. दुपारी मी अंगणातल्या चुलीवर बरबटीचे, म्हणजे चवळीचे वडे तळायला घेतले आणि सगळे तिथेच बसले. बाबा काळा चष्मा लावून उन्हात खाटेवर आडवे होते. विषय निघणारच होता, निघाला.

भाचा म्हणाला, "आजोबा, तुमचा हेर फार तर एक शहर वाचवतो. आमचे हिरो आख्खं ब्रह्मांड वाचवतात."

"ब्रह्मांड वाचवाले का लागते बे?" बाबा म्हणाले. "कंप्युटर लागते. गच्चीवरून उडी माराले माणूस लागते."

मी वडे उलटवता उलटवता टाळी दिली. भाचा हटेना. म्हणे जुन्या पिक्चरमध्ये बायका नुसत्या शोभेला असतात. हे मात्र खरं होतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. पण मग मी त्याला विचारलं, "आणि तुझा एक पिक्चर समजाले आधीचे धा पाहा लागतात, थे का? परीक्षा हाये का तुही?" तो हसायला लागला. तिथपर्यंत भांडण गोड होतं, अशीच भांडणं ऐकत मी मोठी झाले.

भाऊजींना मात्र दोन्ही पक्ष पसंत नव्हते. त्यांच्या मते हेर एकच, पहिला. नंतरचे सगळे बोगस आणि हा आताचा तर पारच बिघडवलेला. "हा रडते लेकाचा! हेर कधी रडते का?"

"काहून नाई रडणार?" मी म्हटलं. "ज्याचं कोणी गेलं थो रडनच."

बाबा खाटेवरून म्हणाले, "जवाईबापू, आपल्या दंडारीत राजाचं सोंग आधी कोण घ्याचा, आता कोण घेते? माणूस बदलते, राजा थोच राह्यते. रडला तरी राजाच." एवढं बोलून त्यांनी हात पोटावर घेतले.

भाचाही त्याच्या बापाला म्हणाला, "बाबा, आजोबांचं बरोबर आहे." पोटचा पोरगा समोरच्या पार्टीत गेला आणि भाऊजींचं डोकं सटकलं. त्यांना हरणं माहीत नाही. लग्नाच्या पंगतीतही शेवटचा शब्द त्यांचाच लागतो.

"अरे कायचा राजा अन् कायचं सोंग!" ते ओरडले. "मारून टाकला ना त्याले! शेवटी मेला थो! खतम! आता कोण घेते सोंग?"

माझ्या हातातला झारा कढईत पडला. मी बाबांकडे पाहिलं. ते तसेच आडवे, काळा चष्मा आभाळाकडे, हात पोटावर.

"झोपले हायेत मामाजी," भाऊजी हळूच म्हणाले. "काई नाई आयकलं."

त्या चष्म्यामागे डोळा उघडा की मिटलेला, कोणाच्या बापाला कळणार होतं? मी भाऊजींना हाताला धरून मागच्या दाराशी नेलं आणि तोंड सोडलं. "तुमाले सांगतलं होतं का नाई? त्या म्हाताऱ्याने याच्यासाठी डोया चिरून घेतला. तुमाले एक दुपार तोंड मिटून बसता नाई आलं? वडे गिळाले तोंड उघडते, थेच बंद कराले का झालं होतं?"

"अवो, पिक्चरच हाये," ते म्हणाले. "एवढी का आग लागली तुले? आन मामाजीले या वयात का समजते त्यात?"

समजतं, भाऊजी. तुमच्यापेक्षा जास्त समजतं. हे मी त्यांना बोलले आणि आणखी बरंच बोलले जे इथे लिहिता येत नाही. बहीण मधे पडली, "जवाई हाये वो घरचा," म्हणाली. जावई आहे म्हणून काय डोक्यावर नाचेल? भाचा तेवढा खाली मान घालून "सॉरी मावशी" म्हणाला. त्याच्या बापाने म्हटलं नाही. संध्याकाळी गाडीत बसतानासुद्धा नाही.

बाबा उठले ते चहा मागतच उठले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले आणि स्वतःची समजूत घातली की खरंच डोळा लागला असेल.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच आठवड्यात आम्ही भंडाऱ्याची बस धरली. दुपारचा खेळ. हॉलमध्ये मोजकी माणसं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पडदा उजळला तसे ते पुटपुटले, "अवो, किती साफ दिसते!" गाडी डोंगरावरून घसरली की माझा हात दाबायचे, हेर हसला की हसायचे. मला वाटलं, जिंकलो. भाऊजींचं तोंड वाया गेलं.

मग हेर शत्रूच्या बेटावर एकटा उरला. तिथली दारं बंद झाली, संगीत हळू झालं. बाबा उठून उभे राहिले.

"चाल, माय."

"बाबा, अजून शेवट हाये."

"चाल."

अंधारात त्यांचा हात धरून मी बाहेर आले. मागून धडाड आवाज झाला, त्यांनी वळून पाहिलं नाही. टॉकीजच्या पायऱ्यांवर ऊन होतं. ते खाली बसले आणि सदऱ्याच्या टोकाने नवीन डोळा पुसू लागले. माझ्या अंगाचा नुसता संताप झाला होता. सगळी दुपार हा माणूस ती गोष्ट पोटात घेऊन हसत बसला होता.

"त्या दिवशी जागेच होते ना तुमी?"

ते रस्त्याकडे पाहत एकदम लहान आवाजात म्हणाले, "जवाई फेकून राहिला होता ना वो? उगा आपलं जिंकासाठी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे माझ्यावर लागलेले, स्वच्छ.

"फेकतच होते, बाबा," मी म्हटलं. "तुमी मनावर घेऊ नका."

"मले वाटलंच," ते म्हणाले आणि उठले.

घरी येऊन त्यांना जेवायला वाढलं आणि अंगणात जाऊन मी भाऊजींना फोन लावला. नमस्कार-चमत्कार केला नाही. "पुढच्या वेळी याल तेव्हा बाबांसमोर बसाचं अन् सांगाचं, मी खोटं बोललो होतो म्हणून. हेर मेला नाई."

"अवो, पण थो मेलाच ना! मी माह्या डोयांनं पायला!"

"मेला असन तुमच्या नागपुरात," मी म्हटलं आणि फोन कापला.