बहिष्काराचे मार्क

व्हाइटबोर्ड मार्करचा उग्र वास आला की माझं डोकं अजून फिरतं. इथे परदेशात, ब्लॅकटाउनच्या एका हायस्कूलमध्ये मी तेव्हा दहावीला इतिहास शिकवत होते. धडा होता अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध बसवर घातलेल्या बहिष्काराचा. ग्रुपवर्क सक्तीचं आणि मार्क सगळ्यांना सारखे. एका ग्रुपमध्ये तीन मुलगे आणि आपल्या पुण्याकडची एक मुलगी होती. आठवडाभर ती एकटीच वाचत, लिहीत, पोस्टर रंगवत बसली आणि ते तिघं खुर्चीत रेलून चिप्स खात राहिले. मी रागावले की एकजण म्हणायचा, “नो वरीज मिस, ती करतेय ना!” प्रेझेंटेशनच्या दिवशी ग्रुपचं नाव पुकारलं, तर तिने पोस्टर गुंडाळून बॅगेत कोंबलं आणि हाताची घडी घातली. “सॉरी मिस, मी या बसमध्ये चढणार नाही.” तिघांचे चेहरे खर्रकन उतरले. मी तिच्यासाठी हेड टीचरशी तावातावाने भांडले. हेड टीचरने शांतपणे नियम दाखवला, प्रेझेंटेशन नाही तर अख्ख्या ग्रुपला शून्य. आजही तोच नियम आहे आणि आजही मी मुकाट्याने ग्रुप पाडते. इतक्या वर्षांत तो धडा खरा कळलेली ती एकच मुलगी, आणि त्या तिघांबरोबर तीही नापास झाली.