खिशाची चोळी

गेवराईत आमच्या गल्लीत केबल आली त्याला दोन वर्षं झाली होती. सन १९९८. केबल चालवणाऱ्या प्रविणदादाकडं लग्नाच्या शूटिंगचा एक जाडजूड कॅमेरा होता. लग्नाची तिथ नसली की तो कपाटात पडून राहायचा, आणि रिकामी पडलेली वस्तू प्रविणदादाला बघवत नसे. त्यानं मुंबईच्या कुठल्याशा वाहिनीवर एक कार्यक्रम बघितला. साध्या बाईला नेतात, केस, कपडे, चेहरा सगळं बदलतात आणि मग घरच्यांसमोर उभी करतात. घरचे रडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात हजर.

"काकू, हे आपण गेवराईत करू," तो म्हणाला. "पार्लर तुमचं, साडी काकांच्या दुकानातली, आणि बोलायला प्रणिता."

प्रणिता म्हणजे मी. बारावी होऊन घरी बसलेली. शिकायला काका-काकूंकडं राहिले होते ती तिथलीच झाले होते. महानंदाकाकू घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. सोलापूरला बहिणीकडं सहा महिने राहून तिनं कोर्स केला होता. खोलीत एका अंगाला आरसा आणि फिरती खुर्ची, दुसऱ्या अंगाला शिलाई मशीन, कारण नुसत्या भुवया कोरून गेवराईत पार्लर चालत नव्हतं. रेवणप्पाकाकांचं बाजारात कापडाचं दुकान. त्यांनी एवढंच विचारलं, "दुकानाची पाटी दिसेल का?" दिसेल म्हटल्यावर ते तयार झाले.

असा आमचा 'नवा साज' सुरू झाला. दर रविवारी दुपारी चारला. आधी बाईला चुन्याच्या भिंतीसमोर उभी करायची. प्रविणदादा सांगायचा, "जरा तोंड पाडा." मग तिला सजवायची आणि निळ्या पडद्यातून बाहेर आणायची. मी माइक पुढं करून विचारायचे, "कसं वाटतंय?" सगळ्याजणी एकच सांगायच्या, "छान वाटतंय." कंपाउंडरची बायको झाली, बालवाडीच्या बाई झाल्या, टेलिफोन खात्यातली एक ऑपरेटर झाली. आठ भाग झाले. भाजी घेताना बाया माझ्याकडं बोट दाखवायला लागल्या.

गुढीपाडव्यानंतरच्या एका मंगळवारी दुपारी पार्लरच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीच्या अलीकडची, उन्हानं रापलेली, अंगावर विटकं नऊवारी. चपला तिनं हातात घेतल्या होत्या.

"बाई, हितं पायाच्या भेगा बुजत्यात का?"

काकूनं तिला आत घेतलं. पाय बघितले आणि बादलीत कोमट पाणी काढलं, मीठ टाकलं, पाय घासायची वजरी घेतली. बाई अवघडून म्हणाली, "तुमी कशाला हात लावता? मी घासते की." काकू म्हणाली, "माझं कामच हाय ते. बसा."

पाय भिजेपर्यंत बोलणं निघालं. तिचं नाव भिवराबाई. उमापूरच्या पुढं दोन कोसांवर एक वाडी, तिथली. दरवर्षी दिवाळी झाली की नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायची, गुढीपाडव्याला परतायची. आज पंचायत समितीत मीटिंगला आली होती.

"तुमची कसली मीटिंग?" मी विचारलं.

"मी सरपंच हाय ना," ती खाली बघत म्हणाली. कुणाची तरी वस्तू आपल्याकडं सापडावी, तसं.

त्या सालात बायकांसाठी जागा राखीव होत्या. वाडीच्या सरपंचाची जागा तशी निघाली, गावानं तिच्या नवऱ्याला, आश्रुबाला विचारलं आणि आश्रुबानं बायकोला उभं केलं. निवडून आली आणि महिन्याभरात कोयता घेऊन कारखान्यावर गेली.

"मग गावाचं काम?"

"मालकाकडं शिक्का असतुय. गावाकडून मानसं कागद घेऊन उसाच्या फडात यायची. हे खिशातून शिक्का काढून मारायचे. मी आपली मोळ्या बांधायची." काकूनं एक पाय पाण्यातून काढून वजरी लावली. "परवा गावात आलो तर नवा हापसा वरल्या आळीत बसलेला. आमच्या खालच्या आळीला पानी न्हाई, तिथं बसनार होता. बाया मला इचारायल्या, भिवरे, कावून तिकडं गेला? मला काय ठावं? शिक्का तर मपलाच हाय त्येच्यावर."

काकूची वजरी थांबली.

"मीटिंगला खुर्चीवर बसवलं," भिवराबाई पुढं म्हणाली. "खुर्चीवर बसलं की पाय दिसत्यात. खाली बसलं की लुगड्यात झाकत्यात. सगळा वेळ मी पायच ओढत व्हते. काय बोलले, काय ठरलं, ध्यानातच न्हाई."

एका दिवसात हे व्हायचं नाही, चार मंगळवार यावं लागेल, असं काकूनं सांगितलं. ती यायला लागली. दुसऱ्या मंगळवारी प्रविणदादानं तिला बघितलं, आणि सरपंच म्हटल्यावर त्याच्या अंगात वारं शिरलं. "सरपंचबाईचा नवा साज! काकू, अख्खा तालुका बघतो बघा!" भिवराबाई म्हणाली, मालकाला विचारून सांगते. मालकानं लगेच हो म्हटलं. एवढंच नाही, शूटिंगला स्वतः येतो म्हणाला.

आश्रुबा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. उंच, हसरा, धुतलेला सदरा घालून आला. येताना आमच्यासाठी पिशवीभर कैऱ्या आणल्या. सदऱ्याच्या खिशात शिक्क्याचा लाकडी दांडा दिसत होता.

त्या दिवशी काकूनं दोन तास घेतले. काकांच्या दुकानातली क्रीम रंगाची सहावारी, तिच्यावर मोठाली फुलं. केसांचा वर उचललेला अंबाडा. तोंडाला क्रीम, पावडर, भुवया, ओठांना लाली. उसाच्या पानांनी ओरखडलेले हात झाकायला लांब बाह्यांचा ब्लाउज. निळा पडदा सरकला आणि भिवराबाई बाहेर आली. आश्रुबा बघतच राहिला.

"आगं, मास्तरीन दिसायली की!"

प्रविणदादा कॅमेऱ्यामागून मला खुणावत होता. मी माइक पुढं केला. "कसं वाटतंय?"

भिवराबाई आरशाकडं वळली. बराच वेळ बघत राहिली.

"बाई चांगली हाय," ती म्हणाली. "पर ही हाय कोन?"

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"ही वाडीत गेली तर कुनी वळखनार न्हाई. मग हिचं ऐकल कोन?" आणि काकूकडं वळून, अगदी अजिजीनं, "बाई, राग मानू नका. तोंड धुऊ का?"

काकूला राग आलाच. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोन तास पाठ मोडून केलेलं काम आणि बाई म्हणते, धुऊ का. प्रविणदादा ओरडला, "अहो, टेप चालू आहे!" पण काकूनं तांब्या भरून तिच्या हातात दिला. भिवराबाईनं मोरीत जाऊन तोंड धुतलं, अंबाडा सोडला. पदरानं तोंड पुसत परत आली तोवर काकूचा राग निवला होता.

"मग तुमाला काय पाहिजे ते तुमीच सांगा," काकू म्हणाली. "आतापातूर मी कुणालाच विचारलं न्हाई."

भिवराबाईनं विचार केला. "लुगडं नऊवारीच असू द्या, पर इरकल. हिरवं. पायाचं तुमी केलंच हाय. आन..."

"आणि?"

"चोळीला खिसा."

"खिसा कशाला गं?" आश्रुबानं विचारलं.

"शिक्का ठेवायला."

कॅमेरा चालूच होता. आश्रुबाचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशावर गेला.

"तुला वाचता येत न्हाई म्हून ठेवतो मी," तो म्हणाला. "मला काय हौस हाय?"

"आवं, तुमी वाचा आन मला सांगा. मग मी मारते. हापशाच्या कागदावर काय व्हतं, तुमी तरी वाचलं व्हतं का?"

आश्रुबा दाराकडं वळला. "बघू," म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. काकूनं मशीनवरचं कापड काढलं, माप घेतलं, आणि तासाभरात हिरव्या खणाची चोळी शिवली. आतल्या बाजूनं, काखेच्या खाली, बटणाचा खिसा. भिवराबाई काकांच्या दुकानातून आणलेलं इरकल नेसून परत पडद्यातून आली. या वेळी मी तो प्रश्न विचारलाच नाही. खिसा रिकामाच होता. नवरा-बायको दुपारच्या एसटीनं गेले, एका बाकावर, दोघं दोन दिशांना बघत.

प्रविणदादा आधी म्हणाला, हे सगळं कापतो, नुसती सजलेली बाई दाखवतो. मी म्हणाले, मग माइक दुसऱ्या कुणाला दे. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण रविवारी चारला त्यानं पूर्ण भाग लावला, तोंड धुण्यासकट.

वाडीला केबल नव्हती. गावकऱ्यांनी उमापुरातून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला, प्रविणदादाकडून कॅसेट नेली आणि दिवेलागणीला शाळेपुढं बसून सगळ्यांनी तो भाग बघितला. खालच्या आळीतल्या बायांनी परत लावायला लावला. दुसऱ्या दिवसापासून आश्रुबाचं पारावर बसणं अवघड झालं. "काय आश्रुबा, खिसा भरला का न्हाई अजून?"

हे आम्हाला भिवराबाईनंच सांगितलं, जुलैत, ग्रामसभेचं बोलावणं द्यायला आली तेव्हा. "यायचंच बाई तुमी. पंधरा ऑगष्टला."

"शिक्का मिळाला का?" काकूनं विचारलं.

"अजून न्हाई." पण ती रडवेली नव्हती. "आता रोज कागद वाचून दावत्यात मला. तेवढं तरी झालं."

मी आणि काकू गेलो. शाळेच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर ग्रामसेवक, दुसरी रिकामी. भिवराबाई बायांच्या घोळक्यातून उठली, हिरवं लुगडं सावरत आली आणि खुर्चीवर बसली. पाय समोर, सरळ. खालच्या आळीच्या हापशाचा विषय निघाला. उपसरपंच म्हणाला, एक झालाय, दुसरा पुढच्या वर्षी बघू. भिवराबाई बोलायला उभी राहिली. तिनं पाणी मागितलं, प्याली. मग म्हणाली, "वरल्या आळीला दोन हापसे. खालच्या आळीला एक बी न्हाई. माझी सून असती तर मी इतकी लांब घागर आनाय लावली नसती. तुमी सांगा, कुनाकुनाची सून जाते?"

बायांचे हात वर झाले. मग पुरुषांचेही, एकेक करून. ग्रामसेवकानं ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. भिवराबाईनं नव्यानं शिकलेली सही केली. 'भिवरा' मधला 'भि' कागदावर जरा मोठाच आला.

आता शिक्का. सगळे आश्रुबाकडं बघायला लागले. तो मागं, खांबाला टेकून उभा होता. तो पुढं आला, खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला. "घे," म्हणाला. "सारखं मागं पळायला मला बी जमत न्हाई आता." लोक हसले, तोही हसला, पण त्याचे डोळे भरले होते हे मी जवळून बघितलं. तिनं मारलेला शिक्का तिरका उठला. ग्रामसेवक म्हणाला, चालतं.

त्या दिवाळीला भिवराबाई उसाला गेली नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडीशिवाय तो लागत नाही, म्हणून आश्रुबाही राहिला आणि गेवराईत कापसाच्या जिनिंगवर कामाला लागला. पहिलं वर्ष त्यांना जड गेलं. पण फाल्गुनात खालच्या आळीत हापसा बसला.

'नवा साज' आणखी पाच भाग चालला. मग प्रविणदादानं एसटीडी फोनचं दुकान टाकलं आणि कॅमेरा विकला. काकूचं पार्लर मात्र वाढलं. दर मंगळवारी खेड्यापाड्याच्या बाया पाय घेऊन येऊ लागल्या. खुर्चीवर बसवल्यावर काकू आधी विचारायची, "काय करायचंय तुमाला?" काहीजणी गोंधळायच्या. त्यांना आजवर असं कुणी विचारलेलं नसायचं.

२००२ साली वाडीची निवडणूक परत आली. या वेळी जागा राखीव नव्हती. भिवराबाई तरी उभी राहिली. सरपंचपद गेलं, पण वॉर्डातून ती एकोणीस मतांनी निवडून आली. मतमोजणी गेवराईत होती. ती गुलालानं माखून थेट आमच्याकडं आली. काकूनं चहा ठेवला.

"आता काय करायचं ठरवलंय?" मी विचारलं.

"आधी शाळेला तिसरी खोली," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "चवथीची पोरं लिंबाखाली बसत्यात. पाऊस आला की सुट्टी."

बाहेरून आश्रुबाची हाक आली, उमापूरची एसटी लागली होती. तिनं चहा एका दमात संपवला, काकूच्या गालाला गुलाल लावला आणि निघाली.