पाचशेवं घुबड

आमच्या अप्पांचं चष्म्याचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना खुर्चीत बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. कुणी अक्षरं पाठ करून आलं, की लगेच ओळखायचे. "काका, पाठांतराला मार्क नाहीत," म्हणायचे.

बाकी सगळा जीव पक्ष्यांत. बघितलेल्या पक्ष्यांच्या वहीत चारशे नव्याण्णव झाले आणि माणूस कामातून गेला. पाचशेवं म्हणून पांढरं घुबडच हवं. ते महाराज राहतात पार उत्तरेला, बर्फात. आई म्हणाली, "घुबड बघायला एवढ्या लांब कशाला? घरात आरसा आहे की." तरी तिनंच चार स्वेटर भरले आणि मला सोबत धाडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या पक्षिमंडळाबरोबर आम्ही आठ जण बर्फात कुडकुडत उभे होतो. कुंपणाच्या खांबावर घुबड बसलं होतं. सगळ्यांना दिसलं. कावळ्या-कोकिळेत गफलत करणाऱ्या मलासुद्धा दिसलं. अप्पांनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, परत लावली.

"दिसलं," ते म्हणाले. "काय पिवळे डोळे आहेत!"

पिवळे डोळे मघाशीच कुणीतरी मोठ्यांदा सांगितले होते. आणि अप्पांची दुर्बीण होती भलत्याच खांबावर. मंडळींनी त्यांची पाठ थोपटली, गरम कॉफी पाजली. मीही माझी कॉफी फुंकत बसले.

घरी येऊन आठवडा झाला, तरी वहीत पाचशेच्या आकड्यापुढं काहीच नाही. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आम्ही दोघंच. अप्पा स्वतःच खुर्चीत जाऊन बसले. "घे तपासून." एक डोळा झाकून तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून दाखवला. मग दुसरा झाकून तेच.

मी तक्ता पालटला. मागं वेगळी अक्षरं होती.

"आता वाचा."

अप्पांनी डोळे बारीक केले, मान पुढं काढली आणि शेवटी कबूल करून टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि त्यांना दोन वर्षांपासून माहीत होतं. आख्ख्या गावाला 'ऑपरेशनला काय घाबरता' म्हणून झापणारा हा माणूस स्वतः टरकला होता. मला राग आला आणि रडूही आलं.

"पाठांतराला मार्क नाहीत, अप्पा."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर वहीत लिहिलं नाही."

मी फोन पुढं सरकवला. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर न बघता फिरवला. तोही पाठच होता.