उजेडात बघणारा

सोलापुरात संगणक दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत, पण संगणकाला हात लावायला नकार देणारा एकच आहे, आणि तो माझा विद्यार्थी आहे. नातवंडांनो, तुमचे आजोबा त्याला चेष्टेने "ना हरकतवाले" म्हणायचे, कारण त्याची हरकत नाही असं काम त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता तो पन्नाशीला आला आहे आणि केस माझ्यापेक्षा जास्त पिकले आहेत, पण मला पाहिलं की अजून स्टुलावरून उठून उभा राहतो. त्याच्या दुकानात जाऊन कुणी म्हणालं, "आठ जीबीची मेमरी टाकून द्या," तर तो वर बघतही नाही. आधी विचारतो, मशीन कोणतं? आतला बोर्ड कोणता? आत्ता किती पट्ट्या आहेत, कोणत्या खाचेत आहेत, त्यांच्यावर काय लिहिलंय? मोहोळचे एक दातांचे डॉक्टर एकदा मेमरीची नवीन पट्टी रुमालात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून आले होते. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि पट्टी परत रुमालात गुंडाळून दिली. "डॉक्टरसाहेब, तुमी एकाची कवळी दुसऱ्याला बसवता का? बसंल की. पण जेवता येईल का?" डॉक्टर रागावून गेले, आणि चार दिवसांनी अख्खा संगणकच गाडीत घालून घेऊन आले.

ही सवय त्याला संगणकाने लावलेली नाही, मागाने लावली आहे. त्याचे वडील चादरीच्या कारखान्यात विणकर होते. एका वेळी रंगवलेलं सूत संपलं आणि दुसऱ्या वेळी रंगवलेलं जोडलं, तर रंग तोच असूनही चादरीवर पट्टा पडतो, आणि तो विणून झाल्यावरच दिसतो. म्हणून त्याचे वडील नवीन सूत आलं की मागावर चढवण्याआधी दाराशी जायचे, जुना आणि नवा धागा शेजारी धरून उन्हात बघायचे. मुलगा तेच करतो. लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली वीज उतरवतो (बघणाऱ्याला वाटतं, कपाटाच्या पाया पडतोय), मग पट्टी कडेने धरून दुकानाच्या उंबऱ्यात उभा राहतो आणि तिच्यावरचा बारीक मजकूर उजेडात वाचतो. दुकानात दोन चांगले दिवे आहेत. पण दिव्याच्या उजेडावर त्याचा विश्वास नाही. त्याची बायको कापडाच्या दुकानात त्याला बरोबर नेत नाही. मला एकदा म्हणाली, "बाई, मला बघायला आले तवा पण म्हणले, जरा बाहेर उजेडात बसूया का. माझा बाप म्हणला, पोरगी हाय का साडी?" हा शेजारी बसून जेवत होता. जेवण न थांबवता म्हणाला, "फसलो का? न्हाई की."

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला माहीत आहे की निवृत्तीनंतर तीन वर्षं खपून मी शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून घेतली. शाळा सुरू झाल्यापासूनच्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण, सगळं त्यात आहे. आजही सांगोल्याहून, पंढरपूरहून माणसं येतात, पेन्शनसाठी नाहीतर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा उतारा मागतात. हे सगळं ऑफिसातल्या एका सर्व्हरवर आहे आणि तो फार संथ झाला होता. मेमरी वाढवायचं ठरलं. देखभालीचं काम याच्याकडे होतं, पण तो लग्नाला गेला होता, म्हणून ऑर्डरचा कागद मी केला. तुम्हाला माझे कागद माहीत आहेत. फूटपट्टीने रेघा मारून रकाने आखले: आकार, पिढी, वेग, नग. पूर्वी कधीतरी काढून कपाटात ठेवलेल्या मेमरीच्या जुन्या पट्टीवरच्या चिठ्ठीवरून तेवढं उतरवलं, उरलेला बारीक मजकूर रकान्यांत बसत नव्हता म्हणून सोडून दिला. मला कागद सुंदर वाटला.

शनिवारी पट्ट्या आल्या. सोमवारपासून दहावीचे फॉर्म भरायचे होते, म्हणून संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन बसले. माझा विद्यार्थी आला, कपाटाला हात लावला, पट्टी घेऊन व्हरांड्यात गेला आणि परत येऊन ती खोक्यात ठेवली.

"ही न्हाई लागायची."

अध्यक्ष म्हणाले, "खाचेत बसते की नाही?"

"बसती की. झकास बसंल. पण ही साध्या मशीनची हाय. सर्व्हरच्या पट्टीला मधोमध एक जादा चिप असती, ती हिला न्हाई. मशीन उठणार न्हाई."

"लावून तर बघा. नाही चाललं तर काढा."

"लावून बघत न्हाई मी. हे मशीन दोन वर्षांत बंद केलेलं न्हाई. बंद करायचं तर बरोबर पट्टी हातात पायजे. ऐन फॉर्मच्या तोंडावर न्हाई."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पुण्याची एक पार्टी आहे, ते असे नखरे करत नाहीत. सोमवारपासून त्यांनाच सांगू का?"

शाळेचं काम म्हणजे त्याच्या निम्म्या महिन्याची कमाई, हे मला माहीत होतं. त्यालाही अर्थातच माहीत होतं. तो म्हणाला, "सांगा. पण ही पट्टी मी लावणार न्हाई. चार दिवस मशीन हळू चालंल. हळू चालू द्या, साहेब. ह्यात लोकांच्या जन्मतारखा हायती."

"मग चुकीचा माल मागवला कोणी?"

माझा कागद टेबलावरच होता. त्याने तो पाहिला होता. उलटा करून त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "नंबर मीच दिला आसंल. लग्नाच्या गडबडीत होतो."

मुलांनो, चाळीस वर्षं मी वर्गाला सांगत आले की चूक ज्याची त्याने उभं राहावं. मी उभी राहिले. "कागद माझा आहे," म्हटलं. "हा गावातही नव्हता."

तेवढ्यात त्याने पिशवीतून त्या सर्व्हरचं छापील माहितीपुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं, आणि ओळीवर बोट ठेवून इंग्रजीतून वाचायला लागला. कोणती मेमरी चालते, कोणती चालत नाही, दोन जाती एकत्र का करायच्या नाहीत. उच्चार चार ठिकाणी चुकले. अर्थ एकाही ठिकाणी चुकला नाही. मराठीत समजावून झाल्यावर अध्यक्षांनी ते पान स्वतःकडे ओढून दोनदा वाचलं. "बरं," ते म्हणाले, "फॉर्म होऊ देत. मग तुम्हीच लावा."

फॉर्म संपल्यावर पुढच्या रविवारी त्याने योग्य पट्ट्या लावल्या, सकाळपासून दुपारपर्यंत मेमरीची चाचणी चालवली आणि मग मला म्हणाला, "बाई, थोड्या नोंदी मूळ कागदाशी ताडून बघू." रजिस्टर माझ्या मांडीवर, पडदा त्याच्यासमोर. दुसऱ्याच्या नोंदीने सुरुवात नको म्हणून त्याने स्वतःचीच उघडली आणि मोठ्याने वाचू लागला. नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, शाळा सोडण्याचं कारण, दहावी अनुत्तीर्ण. मग शेरा: "प्रत्येक कामास अकारण वेळ लावतो. आकलन मंद." माझंच अक्षर, खाली माझीच सही. त्याने त्याच आवाजात तेही वाचलं आणि वहीत बरोबरची खूण केली.

मी म्हटलं, "हा शेरा बदलायला हवा."

"आता कशाला, बाई? कागदावर हाय तसं पडद्यावर पायजे. त्यासाठीच एवढं केलं की." आणि त्याने पुढची नोंद उघडली.

मी पान उलटलं. रजिस्टरात दुसरा शेरा लिहायला रकाना नाही, म्हणून तुम्हा दोघांना लिहिते आहे. माझ्या हातून गेलेल्या इतक्या मुलांत डॉक्टर आहेत, कलेक्टरही झाले. पण कुणी विचारलं की बाई, तुमचा विद्यार्थी कोण, तर अलीकडे मी याचंच नाव सांगते. ते त्याला मात्र अजून सांगायचं राहिलं आहे.